मागच्या शिटीवर, डाव्या अंगाला

सिंधूबाई जावयाच्या गाडीत वारली, हिंगोलीच्या अलीकडच्या चढावर. हे एकदा सांगून टाकलं, आता विसरून जा. ती वारलेली नाही. ती ओट्यावर बसून लसूण सोलून राहिली आहे, चांगली धडधाकट आहे, आणि नवऱ्याला म्हणते आहे, "तुमचं डोकं मेंढरानं खाल्लं का वो?"

नवऱ्यानं फक्त एवढंच विचारलं होतं की जावाईबापू येणार तर कोंबडं कापायचं का बोकड.

नवरा म्हणजे नामाजी गडदे. सेनगावच्या पुढं माळाला लागून गाव आहे, तिथला. जन्म मेंढरांमागं गेला. अंगावर मांस असं कधी धरलंच नाही. तुरीच्या वाळल्या काडीला धोतर नेसवावं तसा दिसायचा. सिंधूबाईचं मात्र भरलेलं अंग. दोघं बैलगाडीत बसले की गाडी एका अंगाला कलायची आणि बैल मागं वळून बघायचे.

लेक रागिणी आखाडा बाळापूरला दिलेली. जावई शिवशंकर. हिंगोली जिल्हा झाला तेव्हा बऱ्याच साहेबांना नव्या गाड्या मिळाल्या आणि बऱ्याच जुन्या गाड्यांना नवे मालक. त्यातली एक शिवशंकरच्या वाट्याला आली. पांढरी, चार दारांची, पेट्रोलवर चालणारी. तिचं नाव इथं घेतलेलं नाही. जुनी झाली तरी चांगल्या घरची आहे, उगाच बदनामी नको. बाईचं नाव सिंधूबाई नामाजी गडदे.

गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा नामाजीनं तिला ओवाळायला लावलं. मग सगळे औंढ्याला दर्शनाला निघाले. बसायचं कसं हा प्रश्न आलाच नाही. चालवायला जावई. त्याच्या शेजारी सासरा. मागं उजव्या अंगाला, नवऱ्याच्या बराबर मागं, रागिणी. आणि डाव्या अंगाला सिंधूबाई, डोक्यावरून पदर ओढून. सासूनं जावयाच्या शेजारी बसायचं नसतं, त्याच्यासमोर पदर ढळू द्यायचा नसतो, आणि बोलायचं झालं तर मध्ये तिसऱ्याला घालून बोलायचं असतं. हा नियम कोणी केला ते माहीत नाही, पण मोटारी निघायच्या आधी केला एवढं नक्की.

गाव सोडून फर्लांगभर गेले नाहीत तोच गाडी घुटमळली. मग खोकली. मग जागच्या जागी थडथडली, जोर गेला, आणि रस्त्याच्या मधोमध बसली.

"मिसिंग मारून राहिली," शिवशंकर म्हणाला.

"काय मारून राहिली?"

"मिसिंग, मामा. इंजनाचे चार घर असतात. एखादं घर पेटत न्हाई, मंग गाडी झटके मारते. जोर धरत न्हाई."

"मंग जे घर पेटत न्हाई त्याला वेगळं काढा," नामाजी म्हणाला. एकत्र कुटुंबाचा त्याला बराच अनुभव होता.

सगळे उतरले. शिवशंकरनं बोनेट उघडलं, आत बघितलं, आतलं सगळं जागेवर आहे असं बघून समाधानानं बंद केलं. किल्ली मारली. गाडी एका झटक्यात चालू. पाय दाबला तर वाघासारखी गुरगुरली. सगळे बसले. पुन्हा फर्लांगभर. पुन्हा घुटमळली, खोकली, थडथडली, बसली. असं करत करत उन्हं डोक्यावर आली. शेवटी रागिणीनं आईला तिसऱ्याच्या नात्यानं विचारलं, "माय, हे म्हणून राहिले की माघारी फिरावं का?"

"त्यायला म्हणावं," सिंधूबाई पदरातून म्हणाली, "देव कुठं पळून जाते? गाडीच पळंना."

आणि जिथवर आले होते तिथूनच तिनं औंढ्याच्या दिशेला हात जोडले.

शिवशंकर बाळापूरला गेला आणि गाडी नाक्यावरच्या वसराम मिस्त्रीकडं घातली. वसराम गाडीत डोकं घालून बोलायचा, त्यामुळं त्याचं बोलणं नेहमी इंजिनाकडून आल्यासारखं वाटायचं. त्यानं प्लग बदलले. पॉइंट घासले. कार्बोरेटर उघडून तोंडानं फुंकला, पेट्रोलचा घोट चुकून गिळला आणि त्यावर पान खाल्लं. मग शिवशंकरला शेजारी बसवून वारंगा फाट्यापर्यंत गाडी पिटाळली आणि परत आणली. कुठं हुं नाही की चूं नाही.

पुन्हा सासुरवाडीची फेरी झाली, पुन्हा गाडी बसली, पुन्हा वसरामकडं आली. पुन्हा वारंगा फाटा, पुन्हा लोण्यासारखी.

तिसऱ्या खेपेला वसरामनं फडक्याला हात पुसले. "शिवाभाऊ, गाडीला काहीच न्हाई. म्या हिची नसन् नस पाह्यली. आता एक काम करा."

"काय?"

"बसणाऱ्याला तपासा."

आणि तो आपल्या विनोदावर इतका हसला की त्याला पुन्हा पेट्रोल प्याल्यासारखा ठसका लागला. शिवशंकर हसला नाही. त्यानं ते वाक्य, दवाखान्यातून गोळी बांधून आणावी तसं जपून, सासुरवाडीला आणलं.

इथं नामाजीची पद्धत सांगायला हवी. कळप वाटेत अडला आणि काही केल्या पुढं सरकेना, तर ओरडायचं नाही, काठी उगारायची नाही. एक-एक मेंढरू बाजूला काढायचं. ज्याला काढलं की कळप चालू लागतो, खोड त्याची. साधी पद्धत आहे, आणि मेंढरांच्या बाबतीत ती कधी चुकलेली नव्हती. दुसरं असं की जावयाच्या गाडीला नाव ठेवणं म्हणजे जावयाला नाव ठेवणं, आणि जावयाला नाव ठेवलं की लेकीची पेटी दारात आलीच समजा. तेव्हा गाडी पहिल्याच फेरीत निर्दोष सुटली होती. उरली माणसं.

"मिस्त्री शाना हाय," नामाजी म्हणाला. "एक-एक काढून पाहू."

रविवारी शाळेच्या मैदानावर ट्रायल ठरली. अख्खं गाव आलं. लोकांनी सोबत भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या.

आधी चौघं आपापल्या जागी बसले. गाडीनं अर्धी चक्कर मारली आणि बसली. मग नामाजी स्वतः उतरला, कारण पद्धत स्वतःपासून सुरू करायची असते. गाडी पुन्हा बसली. नामाजीनं छाती पुढं काढून गावाकडं बघितलं. त्याला परत घेऊन रागिणीला उतरवलं. गाडी बसली. जावयाला उतरवायचा प्रश्नच नव्हता. एक तर तो चालवत होता, आणि दुसरं म्हणजे तो जावई होता.

मग सिंधूबाईला उतरवलं.

गाडीनं लिंबाच्या झाडाभोवती चकरांवर चकरा मारल्या. थांबेचना. शिवशंकरनं मुद्दाम हॉर्नही वाजवून दाखवला.

"वजनाचा प्रश्न असू शकतो," शाळेचे गुरुजी म्हणाले. गावात एवढे एकच होते, जे 'असू शकतो' असं बोलायचे.

लगेच सोयाबीनची दोन पोती आणून डिकीत टाकली. गाडी पोत्यांसकट पळाली. गुरुजींनी शेंग फोडली.

"जागेचा बी दोष असंल," सरपंचाचा भाऊ म्हणाला, आणि हौस म्हणून आपलं बोकड सिंधूबाईच्या जागेवर बसवलं. बोकडानं खिडकीतून डोकं काढून गावाला फेरी मारली. गाडी चालली. म्हणजे जागाही निर्दोष सुटली. मग खात्रीसाठी सिंधूबाईला परत बसवलं. गाडी घुटमळली, खोकली, थडथडली, आणि लिंबाला टेकून बसली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकी चोख तपासणी गावात आजवर कशाचीच झाली नव्हती.

"खोड सापडली," नामाजी म्हणाला. आवाजात अभिमान होता. तो नव्हता असं म्हणणं खोटं होईल.

सिंधूबाई गाडीतून उतरली. जावई समोर होता म्हणून पदर धरला, आणि पदराच्या आतून नवऱ्याला म्हणाली, "एवढी वर्सं तुमच्या संसारात बसले, तवा न्हाई बंद पडला त्यो."

"संसाराला इंजन नसते," नामाजी म्हणाला.

गावाला हे फार आवडलं. त्या दिवसापासून सिंधूबाईला नाव पडलं, मिसिंगबाई.

नाव एकदा पडलं की ते माणसाच्या आधी पोचतं. गिरणीत ती दळण घेऊन गेली आणि लाईट गेली. लाईट रोजच त्या वेळेला जायची, पण रोज मिसिंगबाई नसायची. गिरणीवाल्यानं तिला हात जोडून सांगितलं, "माय, दळण पाठवत जा, तू येत नको जाऊ." हापशावर तिचा नंबर आला की बाया म्हणायच्या, "आधी आमचं भरू दे बाई, मंग मार मिसिंग." पंचायतीच्या निवडणुकीत एका उमेदवारानं तिला लुगडं देऊन गळ घातली की विरोधी पार्टीच्या ट्रॅक्टरवर एकदा बसून ये. ती बसली. ट्रॅक्टर सभेपर्यंत ठणठणीत गेला. उमेदवारानं लुगडं परत मागितलं. एका ट्रॅक्टरच्या साक्षीवर कोणी विश्वास ठेवला नाही.

जीपवाल्यांनी तर तिला बसवणंच सोडलं. सेनगावच्या बाजाराला जायचं तर ती पायी निघायची, आणि भरलेली जीप तिच्या अंगावर धूळ उडवत जायची. आतून कोणीतरी ओरडायचं, "मिसिंगबाई, लांबूनच!"

घरी येऊन ती नामाजीला म्हणायची, "तुमच्या पद्धतीनं माझे पाय मोडले."

"पद्धत खोटं बोलत न्हाई," नामाजी म्हणायचा. "तुझ्यात काहीतरी आसंल. म्या काय करू?"

आणि तेल घेऊन तिचे पाय चेपायला बसायचा. दोन्ही गोष्टी तो मनापासून करायचा.

हळद शिजवायचे दिवस होते. सकाळी चुलवणापाशी उभी असताना सिंधूबाई मटकन खाली बसली. छातीवर हात दाबला. डाव्या हाताला मुंग्या, अंगाला घाम, बोलताना दम पुरेना.

"कोणीतरी छातीवर जातं ठुलंय," ती म्हणाली.

नामाजी फोनच्या बूथवर पळाला आणि बाळापूरला जावयाला फोन लावला. बाळापूर कुठं, सेनगाव कुठं. गाडीला हिंगोलीचा दवाखाना ओलांडून गावाकडं यायचं होतं, आणि मग तिला घेऊन त्याच दवाखान्यात जायचं होतं. मध्ये सेनगावच्या जीपी गावातून सुटून राहिल्या होत्या. बूथवाला म्हणाला, "मामा, जीप करा ना. हात धरून बसवू बाईला."

"आरे, जावाई निघाला तिकडून," नामाजी म्हणाला. "त्यो दारात येईल आन् आमी जीपीत? लेकीला तोंड दाखवायचं हाय मला."

सिंधूबाईनंही ओट्यावरून तेच सांगितलं. "जावयाची गाडी असून परक्याच्या जीपीत बसले तर त्यायच्या घरी काय म्हणतील? येऊ द्या." ती भिंतीला टेकून वाट बघत बसली. अधूनमधून विचारायची, "आले का?"

गाडी आली. रागिणी रडतच उतरली. नामाजीनं आणि तिनं मिळून सिंधूबाईला मागच्या शिटीवर, डाव्या अंगाला बसवलं. रागिणी एकदा म्हणाली, "माय, पुढं बस ना, पाय मोकळे होतील." सिंधूबाईनं डोळे मिटूनच मान हलवली. पुढं जावई होता.

गाव संपलं आणि गाडी घुटमळली.

मग खोकली.

"आता न्हाई वो, देवा," शिवशंकर म्हणाला, आणि पाय दाबत राहिला. गाडी थडथडत, झटके मारत, मध्येच धरत, मध्येच सोडत रेटत राहिली. बंद पडली की थोडं थांबायचं, चालू करायची, पुन्हा रेटायची. हिंगोलीच्या अलीकडं चढ लागतो. चढाच्या तोंडाशी मात्र तिनं अंग टाकलं ते टाकलंच.

सिंधूबाईला ही गोष्ट आता पाठ झालेली होती. तिनं स्वतःच दार उघडलं.

"म्या उतरते," ती म्हणाली. "तुमी तिघं चढावर जा. दवाखान्यात माझा नंबर लावून ठुवा. म्या येते चालत."

"येडी हायस का?" नामाजी म्हणाला. पण ती उतरलेली होती, आणि गाडी चालू झालेली होती. पद्धत बराबर होती.

शेवटी ठरलं असं: शिवशंकर आणि रागिणीनं पुढं जायचं, डॉक्टरला सांगायचं, काही गोळी-इंजेक्शन मिळतं का बघायचं आणि परत यायचं. नामाजी सिंधूबाईजवळ थांबणार. गाडी चढ असा चढून गेली की बघत राहावं. नामाजीला वाटून गेलं, काय गाडी हाय. आणि हे वाटल्याची त्याला तेव्हा लाज वाटली नाही.

रस्त्याच्या कडेला बाभूळ होती. तिच्या सावलीत सिंधूबाई पाय पसरून बसली. नामाजीनं पटक्यानं तिचा घाम पुसला.

"एक इचारू?" ती म्हणाली.

"इचार."

"खरंच माझ्यात खोड हाय का वो?"

खोटं बोलायची नामाजीला सवय नव्हती, आणि खरं काय ते त्यानं गावासमोर सिद्ध केलेलं होतं.

"थोडीशी आसंल," तो म्हणाला.

सिंधूबाई हसली. हसताना तिला लागलं. "आसंल बाई," ती म्हणाली. "तुमी म्हणून राहिले तर आसंल."

तेवढ्यात सेनगावकडून जीप आली. नामाजी रस्त्यात दोन्ही हात पसरून उभा राहिला. जीप थांबली. चालवणारा फुलसिंग, तांड्यावरचा, ओळखीतला. माणूस वाईट नव्हता. त्यानं नामाजीकडं बघितलं, बाभळीखाली बघितलं, आणि मागं भरलेल्या पाशिंजरांकडं बघितलं.

"कोण, मिसिंगबाई व्हय?"

"छातीत दुखून राहिलं रे तिच्या. दवाखान्यापस्तोर घे. म्या टपावर बसतो."

"मामा, तुमी कुठंबी बसा हो," फुलसिंग म्हणाला, "पन बाईला घेतलं आन् चढाच्या मधातच बंद पडली, तर मागच्या मागं येईल भरलेली जीप. लेकरं हायत आत. तुमीच तपासलं ना सगळ्या गावासमोर? म्या व्हतो तिथं, शेंगा खाऊन राहिलो व्हतो."

"त्यो इषय वेगळा…"

"काहून वेगळा? तुमच्या तपासणीवर आमचा भरोसा हाय, मामा."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी नामाजीच्या शब्दावर एवढा विश्वास ठेवला होता. जीप गेली. आतल्या एका बाईनं जाता जाता पाण्याची बाटली मात्र फेकली, आणि नामाजीनं ती झेलली.

शिवशंकर आणि रागिणी परत आले. डॉक्टरनं सांगितलं होतं की नंबर-बिंबर काही लागत नाही, माणूस आणा, तुम्ही माणसाला सोडून कशाला आलात? शिवशंकरनं त्यांना गाडीची अडचण समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. डॉक्टर त्याच्याकडं बघतच राहिले होते.

तिघांनी सिंधूबाईला उचलून तिच्या जागेवर ठेवलं. शिवशंकरनं चढावर गाडी घातली. ती थोडी गेली. घुटमळली. खोकली. सिंधूबाईही तशीच एकदा खोकली. अर्ध्या चढावर गाडी थडथडून गप झाली.

आधी गाडी बंद पडली की सिंधूबाई, हे नंतर कोणालाच नक्की सांगता आलं नाही.

रागिणीचं रडून झाल्यावर तिला घरी न्यायचा प्रश्न आला. मागच्या शिटीवर आडवं ठेवलं तर दार लागेना. मग नामाजीच म्हणाला, पुढं बसवा. मेल्या माणसाला जावई कोण आणि सासू कोण. तिला पुढच्या शिटीवर टेकवून बसवलं. रागिणीनं मागून तिचे खांदे धरले. नामाजी मागं बसला, डाव्या अंगाला, तिच्या जागेवर. निघण्याआधी त्यानं पुढं वाकून तिचा पदर डोक्यावर नीट ओढला. जावई शेजारीच होता.

शिवशंकरनं किल्ली मारली.

गाडी चालू झाली. तोंड फिरवलं, उतार उतरली, सपाटीला लागली, नाल्यावरचा पूल चढली. घुटमळली नाही. खोकली नाही. शिवशंकर आधी घाबरत घाबरत, मग सवयीनं पाय दाबत गेला. वाटेत हिंगोलीहून परतलेली फुलसिंगची जीप पाशिंजर उतरवत कडेला उभी होती. फुलसिंगनं पुढच्या शिटीवर सिंधूबाईला बघितलं, गाडीचा वेग बघितला, आणि खिडकीतून हात काढून शाबासकी दिल्यासारखं केलं.

नामाजीच्या डोक्यात मेंढरं चालू होती. खोड मेंढरात असली तर ते पुढं घातलं काय आणि मागं घातलं काय, खोड राहणारच. हिला पुढं घातलं आणि खोड नाही. खोड तिथं नाहीच, तर कुठं आहे? तो मागच्या शिटीवर हळूच थोडा हलला. काडीसारखं त्याचं अंग. त्याच्याखाली काहीच दबलं नाही.

घरी अंगणात माणसं जमली. बायांनी पाणी तापवायला ठेवलं. सिंधूबाईला उतरवून आत नेलं, आणि नामाजी गाडीपाशीच राहिला. त्यानं मागची शीट उपसायला घेतली. लोकांना वाटलं, तिचा काही दागिना-बिगिना पडला असेल.

शिटीखाली काळा रबरी पाईप होता, बोटाएवढा. मागच्या टाकीकडून पुढं इंजिनाकडं गेलेला. डाव्या अंगाला शिटीची एक स्प्रिंग तुटून तिचं टोक खाली आलं होतं, आणि बराबर तिथं पाईपावर गोल खोलगट वळ उठलेला होता.

"हे काय हाय?"

"पेट्रोलचा पाईप," शिवशंकर म्हणाला. "खालचा लोखंडी सडला व्हता. गाडी घेतली तवाच वसरामनं हा वरून टाकला."

"गाडी चालू करा."

अंगणात, आतून बायांचा आवाज येत असताना, जावयानं गाडी चालू केली. इंजिन एकसारखं वाजत राहिलं. नामाजीनं वळ उठलेल्या जागी अंगठा ठेवला आणि पूर्ण जोर लावून दाबला. थोडा वेळ काही नाही. मग गाडी घुटमळली. खोकली. थडथडली. त्यानं अंगठा काढला. तिनं श्वास घेतल्यासारखं केलं आणि पुन्हा एकसारखी वाजू लागली. त्यानं पुन्हा दाबला. पुन्हा काढला. तो हे करतच राहिला, शेवटी गुरुजींनी त्याचा हात धरला.

"तुमाला ठाव व्हतं पाईप हितून गेला ते?" त्यानं जावयाला विचारलं.

"ठाव व्हतं, मामा. पन पाईप एकदम भारीतला हाय."

नामाजीनं अंगणातल्या माणसांना हाक मारली. "या, पाहा. खोड हिच्यात नव्हती. हे पाहा, इथं व्हती."

लोक आले, वाकून बघून गेले. "मी वजन म्हणालोच होतो," गुरुजी म्हणाले. सरपंचाच्या भावाला मात्र पटलं नाही. "मंग बोकडाखाली काहून न्हाई दबला?"

"बोकडाचं वजन ते किती!" नामाजी म्हणाला.

"आसं कसं? तवा बोकडाला पास केलं तुमी. आता म्हणता पाईप. उद्या म्हणाल अजून काही." त्यानं आजूबाजूला बघितलं, माना हलत होत्या. "मामा, वाईट नका मानू. ट्रायल बाईवर झालेली हाय, सगळ्या गावासमोर. फिरवायची तर बाईवरच फिरवावी लागंल. बाई बसली पायजे, गाडी चालली पायजे. तुमचीच पद्धत हाय."

हे खरं होतं, आणि नामाजीला ते माहीत होतं. चुकून बाजूला काढलेलं मेंढरू परत कळपात घालून, सगळ्यांसमोर चालवून दाखवल्याशिवाय त्याचं नाव साफ होत नाही. त्यानं स्वतःच कितीतरी पोरांना हे शिकवलं होतं.

माती झाली. दिवस झाले. दिवसांच्या जेवणाला बसलेल्या पंगतीत कोणीतरी भाताचं पातेलं आणताना अडखळलं आणि दुसरं कोणीतरी म्हणालं, "मिसिंग मारून राहिला का रे?" पंगत हसली. नामाजी वाढत होता. तो पुढच्या पानाकडं गेला.

ग्रामसेवक मृत्यूची नोंद करायला आला. कारण काय लिहू, त्यानं विचारलं.

"पाईप," नामाजी म्हणाला.

"त्याला रकाना नाही, मामा. हृदयविकार लिहितो."

"मंग तिच्यावरचा ठपका काढायचा रकाना कुठं हाय?"

ग्रामसेवकाला दुसऱ्या गावी जायचं होतं. "तहसीलला अर्ज करा," तो म्हणाला, आणि मोटरसायकलला किक मारली.

अर्ज गुरुजींनी आपल्या चांगल्या अक्षरात लिहिला. नामाजी सांगत गेला आणि गुरुजी त्याला सरकारी भाषेचं इस्त्रीचं धोतर नेसवत गेले. मध्ये एकदा गुरुजींनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "नामाजी, हे असं मागता येत नाही." नामाजी म्हणाला, "मागून तर पाहू. न्हाई म्हणलं तर न्हाई." गुरुजींनी पेन उचललं.

प्रति,
मा. तहसीलदार साहेब, सेनगाव.

विषय : मयत इसम ट्रायलकामी एक दिवस परत मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयी अर्जदार नामाजी गडदे, धंदा मेंढपाळ, सविनय अर्ज सादर करतो की, अर्जदाराची पत्नी सिंधूबाई हिच्यावर चालती गाडी बंद पाडल्याचा ठपका असून तो अर्जदारानेच गावासमोर ठेवलेला आहे. तपासाअंती दोष पाईपात निघाला आहे. पाईप बदलला आहे, स्प्रिंगही काढून टाकली आहे. परंतु जिला काढले तिलाच परत बसवून गाडी चालवल्याशिवाय ठपका निघत नाही, असा नियम असून नियम अर्जदाराचाच असल्याने त्यास मोडता येत नाही. सबब, सदर मयत हिला येत्या रविवारी शाळेच्या मैदानावर, ऊन चढण्याआधी, ट्रायलपुरते परत देण्यात यावे. तिला जावयाच्या शेजारी बसण्याचा आग्रह करण्यात येणार नाही. ती मागच्या शिटीवर, डाव्या अंगाला बसेल. चढ लागल्यास तिला उतरवण्यात येणार नाही, याची हमी अर्जदार लिहून देत आहे. ट्रायल संपताच तिला जेथून आणले तेथे परत पोचते करण्याची जबाबदारी अर्जदाराची राहील. मात्र तिने स्वखुशीने थोडे थांबते असे म्हटल्यास मुदत वाढवून मिळावी, ही नम्र विनंती.